डाव्या बाजूची वायर

४ फेब्रुवारी, रविवार

ही वही दुकानातच, लेन्सच्या रिकाम्या खोक्यांमागे ठेवायची असं ठरवलंय. घरी ठेवली तरी कोणी वाचणार नाही. पण त्या घरात माझी म्हणावी अशी जागा अजून झालेली नाही. बावन्नाव्या वर्षी पहिलं लग्न केलं आणि बायकोच्या घरी राहायला गेलो, त्याला आता चार महिने झाले. दुकानात येणारे ओळखीचे लोक 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणून हसतात. मीही हसतो. बीळ आयतं आहे हे खरं, पण पहिला नाग अजून आतच आहे, हे कोणाला सांगू?

तिचा पहिला नवरा वारला त्याला सहा वर्षं झाली. सगळे त्याला 'इंजिनियर' म्हणत, तीही तेच म्हणते. फोटो एकच आहे, तोही आतल्या खोलीत. फोटोचं मला काही वाटत नाही. बाहेरच्या खोलीत मात्र भिंतभर त्याचा स्टिरिओ आहे. ॲम्प्लिफायर त्याने स्वतः जोडलेला, त्याची लाकडी पेटी स्वतः रंधा मारून केलेली, शेजारी तबकड्या वाजवायचं मशीन, आणि दोन्ही कोपऱ्यांत कमरेएवढे स्पीकर. दर रविवारी सकाळी बाई (ती शाळेत भूगोल शिकवते; वाचायचा चष्मा करायला आली तेव्हापासून मी तिला बाईच म्हणतो, ती मला अहो-जाहो करते) सगळ्यावरून फडकं फिरवते, एक तबकडी लावते आणि चहाचा कप घेऊन समोर बसते. गाणं ऐकणारा माणूस जरा तरी सैलावतो. ही ताठ बसते, परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखी. बाजू संपली की बंद करते आणि कामाला लागते. तेवढा वेळ मी पेपर उलटा धरला तरी तिच्या लक्षात यायचं नाही.

आज मध्येच डावा स्पीकर खरखरला आणि गप्प झाला. ती म्हणाली, "राहू द्या." मी म्हटलं, बघतो. आयुष्यभर चष्म्याच्या दांडीचे तिळाएवढे स्क्रू बसवलेत, एक स्पीकर काय मोठा.

५ फेब्रुवारी, सोमवार

दुकानाला सुट्टी, बाई शाळेत. ॲम्प्लिफायरचं मशीन पुढे ओढलं. मागे पाहिलं तर प्रत्येक वायरीला कागदाची पट्टी, त्यावर बारीक, सरळ अक्षरात 'डावा', 'उजवा', 'तबकडी', 'हलवू नये'. माझं अक्षर डॉक्टरांनाही लागत नाही.

एक गोष्ट मला माझी मला सुचली. डावी आणि उजवी वायर मशीनच्या मागे अदलाबदल करायची. तरीही डावाच स्पीकर मुका राहिला तर दोष स्पीकरचा, उजवा मुका झाला तर दोष मशीनचा. उजवा मुका झाला. मग आवाजाचं बटण फिरवलं तर नुसती खरखर, मधूनच दोन्ही बाजू जाग्या होत आणि परत झोपत. म्हणजे दुखणं बटणात होतं. एवढा आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. चष्म्याच्या बिजागरीला घालतो त्या तेलाचे चार थेंब बटणाच्या फटीत सोडले. आता दोन्ही बाजू खरखरायला लागल्या.

म्हणून पेटी उघडली. आत, बटणाच्या बरोबर मागे, पट्टी होती. 'खरखरलं तर क्लीनरचा फवारा, मग वीस वेळा फिरवणे. तेल घालू नये.'

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्या माणसाला कसं कळलं, की एक दिवस कोणीतरी येईल आणि तेल घालेल?

८ फेब्रुवारी, गुरुवार

फवारा आणायला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेलो. मालक सत्तरीचे, एका डोळ्याला भिंग लावून बसलेले. लाकडी पेटीचं वर्णन करताच त्यांनी भिंग काढलं. म्हणाले, ती पेटी म्हणजे इंजिनियरांची, वायरीला कथलाचा डाग देतानाही त्यांचा हात मोत्यासारखा पडायचा, असा माणूस आता होणे नाही. दहा मिनिटं हेच. मी मान हलवत होतो आणि माझं पोट दुखत होतं. हे दुखणं औषधाचं नव्हे.

शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

म्हटलं, "मी आता त्या घरात राहतो."

"भाडेकरू का?"

मी हो म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. फवारा घेऊन दुकानात आलो आणि एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला. तो बिचारा दारातल्या पायरीला अडखळून परत आला.

११ फेब्रुवारी, रविवार

परवा फवारा मारून बटण वीस वेळा फिरवलं. वीसच वेळा, एकवीस करायची हिंमत झाली नाही. खरखर गेली, दोन्ही स्पीकर बोलायला लागले. पण आज सकाळी तिने तबकडी लावली तर गाण्याखाली एकसारखी घूं ऐकू येत होती, घरात भुंगा शिरल्यासारखी. ती म्हणाली, "असं पूर्वीही व्हायचं, तेव्हा तो काहीतरी करायचा—" आणि वाक्य तिथेच ठेवून चहा गाळायला गेली.

तो काय करायचा ते मी तासभर शोधलं. तेवढ्यात ठकीचा फोन आला. ठकी म्हणजे बाईंची मुलगी, एकोणीस वर्षांची, वसतिगृहात राहून शिकते, मला काका म्हणते. आईकडून घूं ऐकून तिने मला फोनवर बोलावलं. "काका, तबकडीच्या मशीनची हिरवी वायर सुटली असेल, ती मागच्या चकतीखाली आवळा." आवळली आणि भुंगा गेला. मशीन ओढताना मीच ती सोडवली होती. वायरीवर पट्टी होतीच, 'घूं आली तर ही बघणे.'

तिची लेक, तो दुकानदार, पेटीच्या आतले कागदाचे तुकडे, सगळे त्याच्या शाळेत शिकून आलेले. मी या घरात नवरा म्हणून आलो की त्याने मागे नेमून ठेवलेला कारकून म्हणून?

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आज जेवताना धीर करून म्हणालो, हल्ली फोनवरून वाजणारे छोटे स्पीकर मिळतात, हे धूड काढून एक तसला आणू. वाटलं होतं, ताट सरकवून उठेल. ती लगेच म्हणाली, "आणू की. कोपरेही मोकळे होतील."

इतक्या सहज म्हणाली की मला राग आला. हट्टी पोराला हो हो म्हणून गप्प करतात तशी म्हणाली. मनातून तिला माहीत आहे, मी ते धूड काढणार नाही. स्पीकरचा विषय मी परत काढला नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

ठकी दोन दिवसांसाठी आली. आल्या आल्या तिने तबकडी लावली, दोन स्पीकरांच्या मधोमध मांडी घालून बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "असंच वाजायचं का गं हे? पूर्वी पोटात वाजायचं."

बाईंनी एरवी नसतो इतका तुटक आवाज लावला. "पूर्वीचं सोड."

मी चपला दुरुस्त करायच्या निमित्ताने दाराशीच होतो. मायलेकी स्वयंपाकघरात गेल्यावर ठकीने काहीतरी विचारलं असावं, कारण बाईंचं उत्तर मला स्पष्ट ऐकू आलं. "तो गेला तेव्हाच गेलं ते."

खरखरीला फवारा आहे, घूंला हिरवी वायर आहे. याला काय आहे? सहा वर्षं ही बाई दर रविवारी त्या माणसासाठी ताठ बसते, आणि मी शेजारी पेपर धरून. जिवंत माणसाशी बरोबरी करता येते. तो म्हातारा होतो, चिडतो, विसरतो, कधीतरी मीठ जास्त झालं म्हणून तोंड वाकडं करतो. हा काही करत नाही. नुसता बरोबर असतो.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज मी जे केलं ते लिहायची लाज वाटते, म्हणूनच लिहितो.

पहाटे उठून ॲम्प्लिफायरचा फ्यूज काढला आणि चष्म्याच्या डबीत घालून खिशात ठेवला. एक रविवार तरी त्याच्याशिवाय जावा.

तिने फडकं फिरवलं, तबकडी ठेवली, खटका दाबला, पण लाल दिवा लागला नाही. परत दाबला. मग ती कप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. मला वाटलं आता डोळ्याला पदर जाईल. तिने पेपरातली अर्धी पानं ओढून घेतली, पाय वर घेतले आणि शाळेतल्या शिपायाने नकाशा उलटा टांगला, मुख्याध्यापकांनी त्याच नकाशावर भाषण ठोकलं, ती गोष्ट सांगितली. सांगता सांगता इतकी हसली की चहा सांडला. दीड तास बोलत होती. लग्न झाल्यापासून इतकी कधी बोलली नव्हती. दुःख लपवायला माणूस किती बोलतो, ते आज पाहिलं. मला माझ्या खिशातल्या डबीचं ओझं वाटायला लागलं.

संध्याकाळच्या गाडीने ठकी परत गेली. मी बॅग घेऊन कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो होतो. रिक्षा यायच्या आत म्हणाली, "काका, फ्यूज परत लावा. मी आईला सांगितलं नाही."

तिने मला आणखी लाजवलं नाही. नुसतं म्हणाली, "बाबासुद्धा असंच करायचे. परगावी जाताना फ्यूज काढून सोबत न्यायचे, आईने हात लावू नये म्हणून." मग रिक्षा आली.

मुलगी मनाची मोठी आहे. माझी लाज झाकायला तिने बापाला माझ्या पंगतीला बसवलं. घरी येऊन फ्यूज लावला.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर ठकीचं ते वाक्य डोक्यात होतं, 'पूर्वी पोटात वाजायचं.' म्हणजे अजून एक दोष शिल्लक आहे, आणि त्याला पट्टी नाही. मी सगळ्या वायरी उलटून पाहिल्या, नाहीच.

परत रेडिओवाल्यांकडे गेलो. आधी सांगून टाकलं की मी भाडेकरू नाही, त्या बाईंचा नवरा आहे. त्यांनी भिंगातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग आधी असं सांगायचं नाही का? बसा." स्टूल पुढे केलं, चहा मागवला.

त्यांनी विचारलं, दोन स्पीकरांच्या मध्ये उभं राहिलं की गायकाचा आवाज समोरून येतो की कुठून येतो ते कळतच नाही? मी म्हटलं, कळत नाही, भिंतींतून झिरपल्यासारखा येतो. मग त्यांनी दोन तळहात समोरासमोर धरले. दोन्ही स्पीकरांचे पडदे एकाच वेळी पुढे यायला हवेत. एकाच्या मागे लाल-काळी वायर उलटी लागली असेल तर एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो, आणि खर्जाचा आवाज आपापसातच मरतो. बिघडलेलं काही नसतं, म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. "एका बाजूची उलटून लावा, झालं. पण इंजिनियरांच्या घरात असं व्हायचं नाही. ही चूक नवख्याची."

नवख्याची म्हणे. त्याच्यानंतर त्या वायरींना माझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही, आणि मी फक्त मशीनच्या बाजूच्या सोडल्या आणि पट्टी बघून होत्या तशा लावल्या. स्पीकरच्या मागे मी गेलोच नाही. म्हणजे चूक त्याची! मोत्यासारखा हात असलेल्या, आत पट्ट्या चिकटवणाऱ्या, तेल घालू नये म्हणणाऱ्या माणसाची. परत येताना मी शीळ घालत होतो. मला शीळ घालता येते हे मी विसरलोच होतो.

२५ फेब्रुवारी, रविवार

डाव्या स्पीकरच्या मागे हात घालून वायर बाहेर ओढली. एका धाग्यावर पुसट लाल रेघ आहे, नखाने धूळ काढल्यावर दिसते. तो धागा स्पीकरच्या काळ्या खुंटीला जोडलेला होता.

मी लगेच दुरुस्त केलं नाही. हेही कबूल करतो. मला ते तिच्यादेखत करायचं होतं. तिला हाक मारली. ती भांडी विसळत होती, ओल्या हातांनीच आली.

"बघा," मी म्हणालो, "तुमच्या इंजिनियरांची चूक."

आधी आहे तसं वाजवून दाखवलं. मग खटका बंद केला, दोन्ही धागे सोडले, लाल रेघ लाल खुंटीला लावली आणि तीच तबकडी तिथूनच परत लावली.

मला गाण्यातलं कळत नाही. पण आतापर्यंत भिंतींतून झिरपणारी ती गायिका एकदम दोन स्पीकरांच्या मधोमध येऊन उभी राहिली. तिचा श्वास ऐकू आला. खालचा ठेका जमिनीतून येऊन माझ्या पोटात वाजला. कपाटाची काच थरथरली. मी विजयाने वळून पाहिलं.

बाई दाराशी उभी होती. हातांवरचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. गाणं संपेपर्यंत ती हलली नाही. मग पुढे येऊन तिने विचारलं, "कुठली वायर?"

मी दाखवली. ती स्पीकरला टेकून खालीच बसली.

"ही मी लावली होती," ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं सांगितलं. इंजिनियर गेल्यावर दोन महिन्यांनी घराला रंग काढला. सगळं सामान हलवावं लागलं. पंधरा वर्षांत त्याने तिला या वस्तूला बोट लावू दिलं नव्हतं. फडकं मारलं तरी मागे येऊन बघायचा. रंगारी गेल्यावर तिने पट्ट्या वाचत वाचत एकटीने सगळ्या वायरी जोडल्या. पट्टीवर डावा-उजवा होतं, लाल-काळं नव्हतं. खटका दाबला आणि वाजलं. तेव्हा तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मग तबकडी पुढे सरकली तसं कळलं, की यात जीव नाही.

"मला वाटलं, तो गेला म्हणून तसं वाजतंय. मग वाटलं, मलाच ऐकू येईनासं झालंय, माझ्यातलंच काहीतरी गेलंय. कोणाला विचारणार हे? दर रविवारी लावून बघत होते, परत आलंय का."

मी हातात पेचकस घेऊन उभा होतो. तीन आठवडे ज्या माणसाच्या मागे लागलो त्याची एक चूक सापडली, ती निघाली हिची. आणि ती सुधारून मी काय केलं, तर त्यालाच पूर्ण आवाजात घरात आणून उभं केलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग आता आला का तो परत?"

तिने ओले हात पदराला पुसले.

"वायर होती हो ती," ती म्हणाली. "नुसती वायर." आणि हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले, आणि डोळे वाहत असताना ती हसतच होती. यातलं कुठलं खरं धरायचं ते मला कळलं नाही. मी फरशी पुसायला घेतली.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवस तिने स्टिरिओला हात लावलेला नाही. घरात बडबड मात्र चालू असते. मी काही विचारत नाही. डोळ्यांना सवय नसताना एकदम स्वच्छ काच बसवली की काही गिऱ्हाइकांचं डोकं दुखतं, त्यांना आठवडा द्यावा लागतो. तसं असेल.

३ मार्च, रविवार

आज सकाळी फडकं फिरलं नाही, तबकडी लागली नाही. ती चहा घेऊन सरळ माझ्या शेजारी येऊन बसली. मी विचारलं, आज नाही लावणार? म्हणाली, आता बघायचं काही राहिलं नाही, वाटेल तेव्हा लावू. मग म्हणाली, "तुम्हाला काय आवडतं ऐकायला? चार-पाच महिने झाले, मी विचारलंच नाही."

मी खरं सांगितलं, की आयुष्यभर काच घासायच्या मशीनची घरघर ऐकली, दुसरं काही ऐकायची वेळ आली नाही. हे तिला फार विनोदी वाटलं.

तिचं हसणं ओसरल्यावर, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मी विचारलं, "कसा होता तो?"

ती नऊ वाजता बोलायला लागली आणि साडेअकरापर्यंत बोलत होती. तो घोरायचा, आणि घोरतो हे मान्य करायचा नाही. भात गार झाला की अबोला धरायचा. लेकीच्या प्रत्येक वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर तिची उंची मोजायचा, मिलिमीटरमध्ये. शेवटच्या आजारात त्याला भीती वाटायची, तेव्हा तो हिचा हात धरायचा आणि कोणी आलं की सोडायचा. मी ऐकत होतो. हेवा वाटतच होता, तो काही एका रविवारात जायचा नाही. पण आता तो घोरणाऱ्या, गार भातावर रुसणाऱ्या, घाबरलेल्या माणसाचा होता, आणि अशा माणसाचा हेवा करताना सारखी मध्येच त्याची कीव येते.

बारा वाजता ती उठली, साडी बदलून आली आणि म्हणाली, बाहेरच जेवू, नंतर तबकड्यांच्या दुकानात जाऊ, मला काहीतरी आवडेपर्यंत सोडणार नाही. मी माझी दुसरी चप्पल शोधत होतो. ती दार उघडून उभी राहिली.

"अरे, येतोस ना? किती वेळ लावतोस."

आलो, म्हटलं. चप्पल कपाटाखाली गेली होती.

जेवण बरं होतं. तबकडी एक घेतली, ती आवडली की नाही ते मला अजून सांगता येत नाही. आत्ता दुकानात बसून लिहितोय, गिऱ्हाईक नाही. दुपारी जिना उतरताना, आज काहीतरी वेगळं ऐकलं, असं सारखं वाटत होतं. काय ते अजून आठवत नाही.